बोर्डामागची पोकळी

पांढरकवड्याहून हैदराबादच्या रस्त्याला लागून पैनगंगा ओलांडली, की आदिलाबाद जिल्हा सुरू होतो. पाट्या तेलुगूत होतात, पण जैनद, बेला, तामसी या बाजूच्या ओसऱ्यांवर मराठी ऐकू येतच राहते. किनवट तालुका तर 1956 पर्यंत याच जिल्ह्यात होता. हवा मात्र नदीच्या दोन्ही काठांवर सारखीच. मे महिन्यात पारा 45 अंशांना टेकतो, आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तो दहाच्या खाली येतो, एखाद्या वर्षी पाच-सहावर. म्हणजे उन्हाळ्यात भिंतीतून ऊन आत येऊ नये आणि हिवाळ्यात आतली ऊब बाहेर जाऊ नये, या दोन्ही गरजा एकाच घराला असतात.

पूर्वी हे काम कुडाच्या, नाहीतर हातभर जाड मातीच्या भिंती करायच्या. आता वीट-सिमेंट आलं, त्यातही खोल्या पाडायच्या म्हणून चार इंची भिंत आली, आणि जिथे तेही परवडत नाही तिथे टिनाचे पत्रे आले. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्री अकरापर्यंत खोलीत धग सोडत राहते. मग माणूस उपाय शोधतो. कोणी थर्माकोलचे तक्ते चिकटवतो, कोणी पत्र्याखाली चंदेरी बबलशीट ताणतो, हौस आणि पैसा दोन्ही असलेला पीव्हीसी पॅनेल ठोकून घेतो. हे सगळे थर बिनबोभाट पुढे सरकतात ते स्विचबोर्डापर्यंत. बोर्डापाशी आलं की सुतार कटरने एक चौकोन कापतो, मापात बसला तर बसला, नाही बसला तर फट राहते. फटीत कागदाचा बोळा जातो, नाहीतर स्प्रेच्या डब्यातला फोम. आणि वरून प्लेट बसली की काम चकचकीत दिसतं.

या प्रकरणाचा विषय तो चौकोन आहे.

भिंतीच्या आत बसवलेल्या बोर्डामागे पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा एक डबा असतो. भारतीय मानकांत त्याला स्वतंत्र क्रमांक आहे, आयएस 5133. पहिला भाग लोखंडी डब्यांचा, दुसरा विद्युतरोधक पदार्थांच्या डब्यांचा. स्विच-सॉकेट बसवायला आधार हवा म्हणून डबा असतो असं बहुतेकांना वाटतं. त्याचं खरं काम वेगळं आहे. वायरीची जोडणी जिथे होते तिथेच ठिणगी पडण्याची आणि तापण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, आणि जे काही व्हायचं ते त्या चार बाजूंच्या आतच व्हावं, भिंतीतल्या दुसऱ्या कशाला लागू नये, यासाठी डबा असतो. पाइप आत घ्यायला डब्याला ठोकून पाडायची गोल छिद्रं दिलेली असतात. वायरमनला हवं असतं एक, घाईत तो पाडतो तीन. उरलेल्या दोनांतून पुढे पाल येते, मुंग्या येतात, कुंभारीण येऊन मातीचं घर बांधते.

चार इंची भिंतीत अडचण आणखी वाढते. डबा साधारण दोन इंच खोल. मागे उरतात दोन इंच, त्यातही छन्नीने झिरी मारताना वीट फुटते. पलीकडच्या खोलीतही त्याच जागी बोर्ड असला तर मध्ये काहीच उरत नाही. दोन डबे पाठीला पाठ लावून उभे. त्यात इथली काळी कपाशीची माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि पाया उथळ असेल तर भिंतही तिच्याबरोबर हलते. दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरपी चीर निघते, ती चीर बोर्डाच्या कोपऱ्याला येऊन मिळते आणि डब्याभोवतीचं सिमेंट सुटतं. असा जुना बोर्ड वीज बंद करून उघडला तर आत काय दिसतं? तळाशी सिमेंटचा भुगा, पालीच्या अंड्यांची टरफलं, एका टोकाला तपकिरी पडलेलं सॉकेट, आणि फेजच्या वायरीचं लाल आवरण स्क्रूपासून बोटभर अंतरापर्यंत काळं आणि कडक झालेलं. पुढच्या सगळ्या गोष्टी या बोटभर काळ्या वायरीभोवती फिरतात.

वायर तिथेच का जळते? वायरीतून वीज वाहताना होणारी उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. धड वायरीचा रोध फार कमी असतो, म्हणून ती नुसती कोमट होते. पण स्क्रू सैल झाला, तांब्याच्या तारा नीट दाबल्या गेल्या नाहीत किंवा प्लगची पिन सॉकेटमध्ये लटपटत असली, तर त्या एका बिंदूचा रोध वाढतो. समजा तो फक्त 0.1 ओहम झाला. 3 किलोवॅटचा इन्स्टंट गिझर 230 व्होल्टवर सुमारे 13 अँपिअर ओढतो. 13 चा वर्ग 169, गुणिले 0.1, म्हणजे जवळपास 17 वॅट. आकडा क्षुल्लक वाटेल, पण रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातलं 25 वॅटचं सोल्डरिंग आयर्न कथील वितळवतं, आणि इथली उष्णता तर ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत कोंडलेली असते. तापलं की धातू प्रसरण पावतो, निवलं की आकसतो. रोजच्या या हालचालीने स्क्रू आणखी सैल होतो, तांब्यावर काजळी धरते, रोध आणखी वाढतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हे सगळं चालू असताना एमसीबी पडत नाही. एमसीबी पडतो तो प्रवाह मर्यादेबाहेर गेला तर. सैल जोडणीमुळे प्रवाह वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. आरसीसीबीही पडत नाही, कारण वीज जमिनीत गळत नसते. म्हणजे घरातली दोन्ही संरक्षक यंत्रं या बाबतीत आंधळी. धोका पहिल्यांदा कळतो तो नाकाला, जळक्या प्लॅस्टिकचा, कधी चक्क मासळीसारखा वास आला की; किंवा कानाला, सॉकेटमधून बारीक चरचर ऐकू आली की; किंवा हाताला. गिझर अर्धा तास चालल्यावर प्लेटला हाताची मागची बाजू लावून पाहावी. कोमट लागली तर हरकत नाही. हात ठेववत नसेल तर त्या भिंतीवर कसलाही थर चढवण्याआधी तो बोर्ड उघडला पाहिजे.

आदिलाबादच्या हिवाळ्यात याचं सगळ्यात नेहमीचं रूप म्हणजे आंघोळीच्या पाण्याचा रॉड. 1500 वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर घेतो, आणि त्याचा प्लग जातो दिव्याच्या बोर्डावरच्या 6 अँपिअरच्या सॉकेटात. प्लग बसत नसेल तर मधे तो पांढरा, सगळ्या पिना गिळणारा अडॅप्टर. आपल्या गोल पिनांच्या सॉकेटांची घडण मुळात इंग्रजांच्या बीएस 546 या मानकाची. त्यांनी स्वतः 1947 मध्ये चौकोनी पिनांचा नवा प्लग आणला, प्रत्येक प्लगमध्ये फ्यूज घातला आणि हळूहळू गोल पिना सोडल्या. आपण त्या ठेवल्या. यात मोठं काही बिघडलं नाही, पण जास्त वीज ओढणारा प्लग छोट्या सॉकेटात जाऊच नये, या ज्या कारणासाठी छोट्या आणि मोठ्या पिनांमधला फरक ठेवला होता ते कारण अडॅप्टर निकालात काढतो.

या गरम बिंदूभोवती उष्णतारोधक थर गुंडाळला की काय होतं, हे आता वेगळं सांगायला नको. तरी आकडे पाहण्यासारखे आहेत. थर्माकोलची उष्णता वाहून नेण्याची क्षमता विटेच्या जवळपास विसाव्या हिश्शाची. एक इंच थर्माकोल म्हणजे ढोबळमानाने वीस इंच विटेचं काम. म्हणूनच तो लोकांना आवडतो. पण जो थर बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही तो वायरीची उष्णताही बाहेर जाऊ देत नाही. ब्रिटनच्या वायरिंग नियमांत याचा हिशेब मांडलेला आहे: वायर चारी बाजूंनी उष्णतारोधकात 50 मिलिमीटर गुंडाळली गेली तर तिची क्षमता 0.88 पट धरायची, 100 मिलिमीटर असेल तर 0.78, आणि अर्धा मीटर किंवा जास्त असेल तर सरळ निम्मी. शिवाय आपल्याकडच्या साध्या पीव्हीसी वायरीला 70 अंशांची मर्यादा असते. भोवतालचं तापमान 30 धरून जी क्षमता येते ती 50 अंशांवर 0.71 पट उरते, आणि मे महिन्यातल्या दुपारी पश्चिमेची भिंत तापलेली असते तेव्हा हा आकडा अजिबात काल्पनिक नाही. दोन्ही घटी एकमेकींनी गुणल्या जातात. कागदावर 20 अँपिअर पेलणारी वायर तिथे सातच अँपिअरची होऊन बसते.

थर्माकोलचा दुसरा दोष कमी लोकांना माहीत असतो. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य मिसळलेलं असतं. वायर थर्माकोलला चिकटून राहिली की हे द्रव्य हळूहळू थर्माकोलात उतरतं. थर्माकोल विरघळल्यासारखा खचतो आणि वायरीचं आवरण कडक होऊन तडकतं. आग नाही, ठिणगी नाही, काही वर्षांचा नुसता सहवास पुरतो. म्हणून थर्माकोलमधून वायर न्यायचीच असेल तर ती पाइपातून. ‘फायर रिटार्डंट’ छापलेला थर्माकोल मिळतो, तो काडीच्या ज्योतीला दाद देत नाही इतकाच त्याचा अर्थ. शंभर अंशांच्या आसपास तोही मऊ पडून आकसतोच, आणि बोर्डामागे नवी पोकळी तयार होते.

पण या जिल्ह्यातला सर्वांत जास्त वापरला जाणारा उष्णतारोधक कोणी विकत आणत नाही. तो शेतातून येतो. दिवाळीच्या आसपास वेचणी सुरू झाली की घरातली एक खोली कापसाने भरते. भाव चढेल म्हणून थांबायचं असतं, शिवाय भारतीय कापूस महामंडळ आधारभूत भावाने घेताना ओलावा बघतं. आठ टक्क्यांना पूर्ण भाव, बारापर्यंत कपात, त्यापुढे माल परत. म्हणून कापूस घरात सुकत पडतो, आणि जितका सुकतो तितका लवकर पेटण्याजोगा होतो. खोली भरताना ढीग भिंतीला टेकत वर चढतो. चार फुटांवरचा बोर्ड बुडतो, पण दिवा तर हवाच, म्हणून चालू असतो. कधी त्याच बोर्डातून बाहेरच्या मोटारीची किंवा पीठगिरणीची वायर घेतलेली असते.

कापूस म्हणजे दोन धोक्यांचा संगम. तो उत्तम उष्णतारोधक आहे, म्हणून सॉकेट तापवतो. आणि तो स्वतःच जळण आहे. भडका उडाला तर निदान दिसतो. कापूस पुष्कळदा भडकत नाही, आतल्या आत धुमसतो. जिनिंगमध्ये काम केलेल्या कोणालाही विचारा, गाठीच्या पोटात शिरलेली ठिणगी कितीतरी वेळ पत्ता लागू देत नाही. त्यामुळे कापसाच्या खोलीसाठी थर, पॅनेल, फोम यांची चर्चाच नको. त्या खोलीचा पुरवठा वेगळ्या एमसीबीवर घ्यावा, ढीग पडल्यापासून तो उचलेपर्यंत एमसीबी खाली, आणि उजेडाला बॅटरी. बोर्डापुढे हातभर जागा सोडून बांबूचा ताटवा उभा केला तर ढीग ढासळूनही भिंतीला भिडत नाही. शक्य असेल तर बोर्ड दाराबाहेर घ्यावा, हे सर्वांत बरं.

चंदेरी शीटची गोष्ट वेगळी. तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा असतो आणि अ‍ॅल्युमिनियम वीज वाहून नेतं. ऑस्ट्रेलियाने याची किंमत मोजली आहे. आर्थिक मंदीवर उतारा म्हणून फेब्रुवारी 2009 मध्ये तिथल्या सरकारने घरांच्या छताखाली उष्णतारोधक बसवण्याची मोठी अनुदान योजना जाहीर केली. रातोरात कंत्राटदार उगवले, नवखी पोरं कामाला लागली. वर्षभरात चार तरुण कामगार दगावले. तिघे विजेच्या धक्क्याने, एक उष्माघाताने. चंदेरी शीट धातूच्या स्टेपलने ठोकताना स्टेपल खालच्या वायरीत घुसला आणि अख्खी शीट जिवंत झाली, असं त्यांतल्या दोन घटनांमध्ये घडलं. फेब्रुवारी 2010 मध्ये योजना गुंडाळली गेली, 2014 मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला.

आपल्याकडे पत्र्याच्या खोलीत हीच शीट बांधतात, आणि वायरी बहुधा त्याच लाकडी वाशांवरून गेलेल्या असतात. म्हणून शीट खिळ्याने नव्हे, नायलॉनच्या दोरीने बांधावी. वायरी आधी पीव्हीसी पाइपात घालाव्यात. बोर्डाभोवती वीतभर जागा सोडून शीट कापावी, आणि पत्र्याची लोखंडी चौकट अर्थिंगला जोडून घ्यावी. आणि एक सुचवावंसं वाटतं: पत्रा असो की स्लॅब, आधी वरून पांढरा लेप द्या. तेलंगणा सरकारने 2023 मध्ये कूल रूफ धोरण आणलं ते याच विचाराने. हा उपाय स्वस्त आहे आणि त्याचा वायरीशी काही संबंधच येत नाही. छताचं ऊन परतवल्यावर भिंतीला काय लागतं ते मग बघावं.

तरीही पश्चिमेच्या भिंतीला आतून थर द्यायचाच ठरला, तर काम बोर्डापासून सुरू करावं. पॅनेलवाला येण्याआधी वायरमन यायला हवा. मेन स्विच खाली करणं पुरेसं आहे असं समजू नये, कारण घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद पडताच तो वीज गेली असं समजून स्वतःची वीज बोर्डात सोडतो. तोही बंद करावा. टेस्टर आधी चालू असलेल्या सॉकेटात लावून पेटतो का पाहावा, मग बंद केलेल्यात. ज्या सॉकेटवर कूलर, गिझर, एसी चालतो ते त्या भिंतीवरून काढून आतल्या भिंतीवर न्यावं; थराखाली राहिले तर दिव्याचे आणि मोबाइलचे पॉइंट राहू द्यावेत. उरलेल्या डब्यांतले सगळे स्क्रू पुन्हा आवळावेत, काळी पडलेली वायर चांगली लागेपर्यंत कापावी, तपकिरी सॉकेट फेकून द्यावं. न वापरलेली छिद्रं बुजवावीत, लोखंडी डब्याला अर्थिंगची तार आहे का पाहावं.

आणि मग डबा पुढे आणावा. पॅनेलवाले नेमकं इथे चुकतात. पॅनेल लाकडी पट्ट्यांवर ठोकलं की नवी भिंत जुन्यापेक्षा इंचभर पुढे येते, डबा मात्र मागेच राहतो. लांब स्क्रू घेऊन प्लेट पॅनेलवर आवळली की बाहेरून सगळं ठीक दिसतं, पण डबा आणि प्लेट यांच्यामध्ये इंचभर उघडी गल्ली तयार होते. तिच्या चारी बाजूंना पॅनेलची कापलेली कड, लाकडाचा भुसा आणि फोम. अमेरिकेच्या वीजसंहितेत यावर सरळ नियम आहे: भिंतीचा पृष्ठभाग न जळणारा असेल तर डब्याची कड 6 मिलिमीटरपेक्षा जास्त आत नको, लाकूड किंवा जळणारा पदार्थ असेल तर कड पृष्ठभागाशी समतलच हवी. तिथे त्यासाठी डब्याला जोडायच्या कड्या मिळतात. आपल्याकडे त्या मिळाल्या नाहीत तर जुना डबा काढून, वायरी पुरत असतील तर तोच पुढे आणून सिमेंटात बसवावा, नाहीतर अधिक खोल डबा घ्यावा. वायरी पुरत नसतील तर मागच्या पोकळीत जोड मारून टेप गुंडाळायचा नाही. वायर नवी ओढायची.

डब्याच्या बाहेर, चारी बाजूंना, भरायला रॉकवूल किंवा ग्लासवूल चालतं, ते जळत नाही. हातमोजे आणि नाकाला रुमाल हवा, नाहीतर दिवसभर खाज. ते पोकळीत ठासून भरायचं नसतं, दाबलं की त्याचा गुण जातो. आणि डब्याच्या आत तर एक धागाही नको. डब्याच्या कडेची बारीक फट सिमेंटने किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसने बुजवली की हवा, धूळ आणि पाल तिन्ही थांबतात. स्प्रेचा फोम इथे वापरू नये. तो फुगताना हलका प्लॅस्टिकचा डबा वाकवतो, उघड्या छिद्रातून आत शिरून वायरींना चिकटतो, आणि पेटला तर घातक धूर करतो. थर्माकोलचे तक्ते असतील तर बोर्डाभोवतीची वीतभर चौकट रॉकवूलची करून मग थर्माकोल सुरू करावा. दोन खोल्यांच्या पाठीला पाठ लावलेल्या डब्यांपैकी एक डबा फूटभर सरकवावा.

पावसाळ्यात चित्र पालटतं. आतून थर चढलेली भिंत बाहेरून ओल पीत असेल तर आता तिला आतल्या बाजूने सुकायला वाव राहत नाही. ओल डब्यात उतरते, लोखंडी डबा गंजतो, आणि भिंतीला हात लावला की मुंग्या येतात. म्हणून बाहेरून गिलावा आणि चिरा दुरुस्त झाल्याशिवाय आतून काही लावू नये. अर्थिंगचा प्रश्न उलट्या ऋतूत येतो. एप्रिल-मेमध्ये काळी माती सुकून आकसते, अर्थिंगच्या सळईपासून सुटते, आणि नेमका त्याच दिवसांत पत्र्याचा कूलर पाण्याने भरून चालू असतो. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर आठवड्यातून दोन-तीनदा बादलीभर पाणी पडलं पाहिजे.

30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी अशा घराला हवाच, आणि त्यावरचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो का पाहायला हवं. जुलैच्या झडीत तो वारंवार पडायला लागला की घरोघरी एकच तोडगा निघतो: ‘खराब झाला, काढून टाका.’ बहुतेक वेळा तो खराब नसतो. सगळे एमसीबी खाली करून आरसीसीबी वर करावा आणि मग एकेक एमसीबी चढवत जावा. ज्याच्याबरोबर तो पडेल त्या वाटेवरचे बोर्ड संशयित. गळती न्यूट्रलमधून असेल तर ही युक्ती चकवते, तेव्हा वायरमनकडून मेगर लावून घ्यावा. सापडतो तो बहुधा बाहेरच्या भिंतीवरचा बोर्ड असतो, पावसाच्या माऱ्याच्या बाजूचा. त्याचा पुरवठा तोडून ठेवावा, प्लेट काढून डबा उघडा राहू द्यावा आणि बाहेरची चीर पाऊस ओसरल्यावर भरावी. तोवर त्या खोलीतला पंखा दुसऱ्या बोर्डावरून चालवता येतो.